तीस गुणांचं बालमानसशास्त्र

नांदेडहून हिंगोलीकडे निघालं की अर्धापूरनंतर डोंगरकडा लागतं. कळमनुरी तालुक्यातलं गाव. आजूबाजूला केळी, ऊस, हळद. अशा गावांमधून डी.एल.एड. झालेली मुलंमुली टीईटीला, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेला, बसतात. 150 गुणांच्या त्या पेपरात बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राचा वाटा 30 गुणांचा. गाइडमध्ये पियाजे चार अवस्थांत आटोपतो, कोहलबर्ग तीन पातळ्यांत, वायगॉट्स्की एका व्याख्येत. जोड्या लावा, गुण घ्या!

पियाजेची सुरुवात मात्र मुलांच्या चुकलेल्या उत्तरांपासून झाली. पॅरिसमध्ये बुद्धिमापनाच्या चाचण्या घेताना, ठरावीक वयाची मुलं ठरावीक पद्धतीनेच का चुकतात, हे कोडं त्याला पडलं. त्याचा गाजलेला प्रयोग असा: एकसारख्या दोन पेल्यांत सारखं पाणी. मग एकातलं पाणी उंच, चिंचोळ्या पेल्यात ओतायचं. पाच वर्षांचं मूल म्हणतं, इथं जास्त आहे. सात-आठ वर्षांचं म्हणतं, तेवढंच की!

हे फक्त वयावर असतं का? 1969 साली मेक्सिकोतल्या कुंभारांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोळा लांबवला तरी माती तेवढीच राहते, हे त्यांना इतर मुलांपेक्षा आधी उमगत होतं. ब्राझीलमधल्या रेसिफेचा 1985चा अभ्यास तर प्रत्येक गणित शिक्षकाने वाचावा. रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचे तोंडी हिशेब 98 टक्के बरोबर. त्याच मुलांना कागदावर नुसती आकडेमोड दिली तेव्हा 37 टक्के. आपल्या आठवडी बाजारात आईशेजारी बसून सुटे पैसे परत देणारं पोर वर्गात ‘कच्चं’ कसं ठरतं, याचं उत्तर इथं सापडेल.

वायगॉट्स्की जेमतेम 37 वर्षं जगला. मूल आज जे दुसऱ्याच्या मदतीने करतं ते उद्या एकट्याने करेल, हे त्याचं म्हणणं. ही मदत बहुतेक बोलण्यातूनच मिळते. बंजारा तांड्यावरून आलेल्या, घरी गोरमाटी बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलाला बाईंचं मराठीच कळलं नाही, तर ती मदत पोचायची कशी?

आणि आपल्याकडच्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक? 1926 साली गिजुभाई बधेकांसोबत नूतन बालशिक्षण संघ, 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम, 1957 साली ते कोसबाडला. माँटेसरीची महागडी साधनं परवडेनात, तेव्हा शंख-शिंपले, बिया, खडे हाताशी घेतले. मुलं शाळेत येईनात, तर ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. माझ्या मते हा धडा पियाजेच्याही आधी वाचायला हवा. कारण दिवाळी झाली की हिंगोली जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला निघतात, आणि पटावरचं मूल फडात असतं. हंगामी वसतिगृहं आहेत; तरी धाकटी भावंडं आईबापांबरोबर जातातच.

टीईटीच्या तयारीत असलेल्या वाचकांना एक विनंती. सराव प्रश्नसंच सोडवण्याआधी शेजारच्या पाच वर्षांच्या मुलासमोर ते पेले मांडा. उत्तरापेक्षा कारण विचारा. ते गोरमाटीत सांगत असेल, तर ती भाषा समजणारं कुणीतरी शेजारी बसवा.