वेदनेचें निवेदन

'वेदना' हा शब्द 'विद्' म्हणजे जाणणें या धातूपासून झाला आहे, आणि 'निवेदन' हाही त्याच धातूचा. हें नातें आम्ही वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविलें. परंतु त्याचा अर्थ आम्हांस कळला तो गेल्या पावसाळ्यांत, एका रुग्णालयाच्या अपघात विभागांत.

आमच्या सौभाग्यवती मागील दारच्या ओल्या फरशीवर घसरून पडल्या. उठतां येईना, तरी "शेक दिला की थांबेल," हें पालुपद चालूच. अपघात विभागांत एका तरुण परिचारिकेनें विचारलें, "आजी, मुळीच दुखत नसेल तर शून्य, सोसवतच नसेल तर दहा, तुमचं किती?" "तीन असेल," असें उत्तर मिळालें. त्या मुलीनें कपाळावरचा घाम पाहिला, खाटेची कड आवळून धरलेली मूठ पाहिली आणि म्हणाली, "आजी, इथं खरं सांगितलं तर कोणी नावं ठेवत नाही." क्षणभर थांबून सौभाग्यवती म्हणाल्या, "नऊ." बेचाळीस वर्षें ज्यांच्याशीं संसार केला, त्यांचा तो आंकडा आम्हांस ठाऊक नव्हता!

आधीं शिरेवाटे औषध दिलें, मग क्ष-किरणांनीं छायाचित्र घेतलें. खुब्याचें हाड मोडलें होतें. पुढें घरीं आल्यावर कोणी विचारलें म्हणजे त्या सांगत, "ठणका काही पुरता गेला नव्हता, पण ती मुलगी पुन्हा पुन्हा येऊन 'आता किती?' विचारी, पुढं काय करणार तेही सांगे. तेवढ्यानं धीर आला."

रोग्याचें समाधान औषधाच्या मात्रेंत असतें कीं या विचारपुशींत, या प्रश्नावर अमेरिकेंत मोठा अनुभव जमा झाला आहे. १९९५ सालीं तेथील वेदनाविषयक वैद्यसंस्थेचे अध्यक्ष जेम्स कॅम्पबेल यांनीं सुचविलें कीं, नाडी, श्वास, ताप व रक्तदाब यांप्रमाणेंच वेदनाही नेमानें मोजावी. २००१ पासून रुग्णालयांस मान्यता देणाऱ्या संस्थेनेंही तसे दंडक घातले. हेतु निःसंशय चांगला होता. पुढें मात्र रुग्णालयांतून घरीं गेलेल्या रोग्यांना प्रश्नावली पाठवून, त्यांच्या समाधानाच्या गुणांवर सरकारी मोबदल्याचा कांहीं भाग ठरूं लागला. त्यांत वेदनेचेही प्रश्न होते. विद्यार्थ्यांनीं दिलेल्या गुणांवर मास्तरांचें वेतन ठरलें, तर प्रश्नपत्रिका किती कठीण निघतील, हें आम्हां शिक्षकांस सांगावयास नको! अफूजन्य औषधें सढळ हातानें देण्याचें दडपण येतें, अशी वैद्यांची तक्रार झाली. कारखानदारांच्या जाहिरातींनीं त्या औषधांचा प्रसार आधींच वाढविला होता, आणि व्यसनानें सहस्रावधि घरें उध्वस्त होत होतीं. अखेर २०१६ सालीं वेदनेचे प्रश्न मोबदल्याच्या हिशेबांतून वगळण्याचा निर्णय झाला.

विशेष हें कीं, या भीतीस सर्वच अभ्यासांत आधार मिळाला नाहीं. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, आपत्कालीन विभागांतील रोग्यांचें समाधान आणि त्यांस दिलेलीं वेदनाशामकें यांचा संबंध आढळला नाहीं. २०१७ सालीं न्यूयॉर्क येथील ४११ रोग्यांच्या परीक्षणांत, हातापायांच्या तीव्र वेदनेवर आयबुप्रोफेन व पॅरासिटामॉल यांच्या जोडीनें दोन तासांत जो उतार पडला, तो अफूजन्य औषधांच्या मिश्रणांहून उणा ठरला नाहीं. आंकडा शून्यावर आला नाहीं तरी रोगी संतुष्ट होऊं शकतो. मात्र त्याचें ऐकून घेतलें गेलें पाहिजे, त्यावर विश्वास ठेवला गेला पाहिजे आणि उपायास विलंब होतां कामा नये.

हें झालें वैद्यांचें कर्तव्य. परंतु 'ज्याचें जळतें त्याला कळतें' ही म्हण खरी असेल, तर ज्याला कळतें त्यानें सांगितलेंही पाहिजे. आणि आमच्या घरांतून नेमकें हेंच शिकविलें जात नाहीं. सोसणें हा स्त्रियांचा अलंकार आणि न कण्हणें हा पुरुषार्थ, असें आम्हीच मुलांच्या मनावर बिंबविलें. अपघात विभागांत हा अलंकार घातक ठरतो. तेथें दुखणें कोठें, केव्हांपासून, किती, घरीं कोणती गोळी घेतली, कोणतें औषध सोसत नाहीं, हें सर्व निःसंकोच सांगावें. औषधानें उतार न पडल्यास पुन्हा सांगावें. यांत दुबळेपणा नाहीं. वैद्याला लागणारी तीच खरी माहिती होय.

सौभाग्यवती आतां काठी टेकीत तुळशीपर्यंत जातात. आमचा नातू रोज सकाळीं विचारतो, "आजी, आज किती?" कधीं दोन, कधीं चार असें उत्तर येतें. हा प्रश्न बेचाळीस वर्षांत आम्ही एकदांही विचारला नव्हता, हें सांगतांना संकोच वाटतो. आतां विचारूं लागलों आहों.