घाटमाथ्यावरची तरंगलांबी

मुंबईहून बोरघाट चढून पुण्यात येईपर्यंत हवेचा दाब साधारण १०१३ हेक्टोपास्कलवरून ९५०च्या आसपास उतरलेला असतो. प्रवाशाच्या ते ध्यानातही येत नाही. लेझरने अंतर मोजणाऱ्या उपकरणाला मात्र हा घाट फार मोठा आहे. हवा विरळ झाली की तिच्यातल्या प्रकाशाची तरंगलांबी वाढते, दहा लाखांत सुमारे १७ भागांनी. उपकरणात समुद्रसपाटीचाच दाब भरलेला राहिला, तर दर मीटरमागे १७ मायक्रॉन कमी भरतील आणि पाच मीटरला ८५. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो!

एवढी चूक परवडत नाही ती मोठ्या सीएमएमला, म्हणजे को-ऑर्डिनेट मेझरिंग मशीनला. पवनचक्कीच्या गिअरबॉक्सचं कवच किंवा विमानाचा सांगाडा तपासणारं हे यंत्र टोकाच्या माणिकगोळीने कामाला हळूच स्पर्श करतं आणि तो बिंदू नोंदवतं. पण मोजणाऱ्याचं माप कोण काढणार? आयएसओ १०३६०-२ प्रमाणे पाच लांब्या, सात दिशा-जागांवर, तीन-तीनदा अशी १०५ मापं घ्यावी लागतात. सर्वांत मोठी लांबी यंत्राच्या कर्णाच्या ६६ टक्के तरी हवी. पाच, तीन आणि दोन मीटर बाजूंच्या यंत्रासाठी ती चार मीटरच्या वर जाते. एवढा लांब गेज स्वतःच्याच वजनाने वाकतो; तो उचलायचा, तिरका टेकवायचा, सगळंच जिकिरीचं. म्हणून इथे प्रकाशाचीच पट्टी करतात.

तत्त्व जुनंच आहे. हेलियम-निऑनच्या तांबड्या किरणाचे दोन भाग करायचे. एक स्थिर परावर्तकावर जातो, दुसरा प्रोबच्या (माणिकगोळीच्या दांडीच्या) जागी बसवलेल्या, यंत्राबरोबर सरकणाऱ्या परावर्तकावर. परतून ते एकत्र आले की उजेड-अंधाराची आवर्तनं दिसतात. एका मीटरच्या प्रवासात अशी सुमारे ३१ लाख ६० हजार आवर्तनं होतात. ती मोजली की अंतर मिळालं. भौतिकशास्त्रज्ञ मायकेल्सनने १८९२-९३ मध्ये पॅरिसजवळच्या सेव्हर् इथे कॅडमियमच्या तांबड्या प्रकाशात मीटर मोजला, तो याच वाटेने. १९८३ पासून तर मीटरची व्याख्याच प्रकाशाच्या वेगावर उभी आहे. आपल्याकडे दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आयोडीनने स्थिर केलेल्या लेझरवर तो मीटर सांभाळते.

यंत्राचे दोष मात्र एका रेषेत मावत नाहीत. प्रत्येक अक्षाचे सहा: अंतराचा एक, सरळपणाचे दोन, कलण्याचे तीन. त्यांत अक्षांमधल्या काटकोनांचे तीन मिळवले की २१. कलणं सर्वांत घातक. एक सेकंद कोनाचा कल एक मीटर अंतरावर जवळजवळ पाच मायक्रॉनची चूक करतो. हे २१ दोष वेगवेगळे मोजत बसायचं तर दिवस जातात. ब्रिटनमधल्या टेडिंग्टन आणि जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या राष्ट्रीय मापन संस्थांमधून पुढे आलेल्या लेझरट्रेसरने त्यातून वाट काढली. तो परावर्तकाचा पाठलाग करतो आणि फक्त अंतर मोजतो. त्याला चार-पाच जागी ठेवून तेच बिंदू पुन्हा मोजले की गणिताने सगळे दोष सुटे होतात. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणासाठी १८०२ मध्ये मद्रासला सर्वेक्षक लॅम्बटनने साखळीने एक पायारेषा मोजली आणि पुढे देशभर कोनांचं जाळं विणलं गेलं. इथे त्याच्या अगदी उलट: कोन एकही नाही, नुसत्या लांब्या.

कॅलिब्रेशनच्या चर्चेत लेझरचंच कौतुक होतं. माझ्या मते पहिली चौकशी तापमापकाची करावी. पोलादाचा एक मीटर दर अंशाला ११.५ मायक्रॉन वाढतो आणि माप सांगायचं असतं ते २० अंश सेल्सिअसचं. यंत्राच्या स्वतःच्या मोजपट्टीला चिकटवलेला तापमानाचा सेन्सर अर्ध्या अंशाने चुकला, तर पाच मीटरच्या पोलादी पट्टीवर जवळजवळ २९ मायक्रॉन हातचे गेले. लेझर कितीही शुद्ध असो, पोलाद किती तापलंय हे त्याला सांगावंच लागतं.

म्हणून जाणता माणूस आल्या आल्या लेझर सुरू करत नाही. आधी सेन्सर लावतो, बॅरोमीटर पाहतो, एसीचा झोत कुठे पडतो ते हात धरून बघतो. मग दार लावून घेतो आणि यंत्राला, पट्टीला, हवेला एका तापमानावर यायला वेळ देतो. बऱ्याचदा अख्खी रात्र.