'लॉयल्टी' नावाची बोट

पाच एप्रिल हा दिवस आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी आमच्या उल्हासनगरच्या महाविद्यालयात भित्तिपत्रकावर एका आगबोटीचे चित्र लागते. सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही ती बोट. ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली आणि परदेशी कंपन्यांच्या मक्तेदारीला हिंदी कंपनीने आव्हान दिले, असे त्याखाली लिहिलेले असते. एका वर्षी पहिल्या वर्गातल्या एका मुलीने मला विचारले, "सर, बोट स्वदेशी, मग नाव 'लॉयल्टी' का? निष्ठा कुणाशी?"

"उद्या सांगतो," म्हणून मी वेळ मारून नेली. संध्याकाळची गाडी धरली, अंबरनाथ गेले, बदलापूर आले, तरी प्रश्न काही डोक्यातून जाईना. त्याचे उत्तर थोडे लांबचे आहे. कंपनीच्या आधी ही बोट म्हणजे एक तरंगते इस्पितळ होते, आणि ते इस्पितळ उभे राहिले होते दानावर. तेव्हा आधी अशा जहाजांविषयी सांगायला हवे.

युद्धातल्या जखमींना जमिनीवर संरक्षण देणारा जिनीव्हाचा करार १८६४ सालचा. तो समुद्राला लागू व्हायला १८९९ साल उजाडले. हेग येथे राष्ट्रांनी ठरवले की इस्पितळाची जहाजे तीन प्रकारची असतील : सरकारची लष्करी, लढणाऱ्या देशातल्या दानशूर व्यक्तींची किंवा संस्थांची, आणि तटस्थ देशातल्या दात्यांची. तिन्ही पांढरी रंगवायची. लष्करी जहाजाभोवती सुमारे दीड मीटर रुंदीचा हिरवा पट्टा, धर्मादाय जहाजाभोवती तेवढाच लाल. जहाजाचे नाव शत्रूला आधी कळवायचे, शत्रूने झडती घेतली तर घेऊ द्यायची. आणि मुख्य अट अशी की जखमी कोणत्या देशाचा, हे न पाहता शुश्रूषा करायची. बदलापूरचे माझे एक शेजारी व्यापारी जहाजांवर नोकरी करून निवृत्त झाले आहेत. ते म्हणतात, "युद्धात बाकीची जहाजं दिवे मालवून चालायची, इस्पितळाचं जहाज मात्र सगळे दिवे लावून. दिसणं हेच त्याचं चिलखत बरं का!" हे चिलखत दर वेळी पुरले नाही. २७ जून १९१८ च्या रात्री 'लँडोव्हरी कॅसल' हे कॅनडाचे इस्पितळ-जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले. चोवीस माणसे तेवढी वाचली.

आता दात्यांकडे वळू. १८९९ साली दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर यांचे युद्ध पेटले. अमेरिका या युद्धात नव्हती. तरी लंडनमध्ये राहणाऱ्या अमेरिकन स्त्रियांनी वर्गणी जमवली आणि 'मेन' नावाचे जहाज इस्पितळ म्हणून सज्ज केले. पुढाकार होता विन्स्टन चर्चिलच्या आईचा. जहाज एका अमेरिकन कंपनीने वापरायला दिले होते. परक्या देशाच्या जखमींसाठी निघालेले दान खरे, पण ज्या स्त्रिया ते पाठवत होत्या त्यांतल्या कितीतरींचे संसार इंग्रज घराण्यांत होते. दानालाही सासर-माहेर असते म्हणायचे!

पुढच्याच वर्षी चीनमध्ये बॉक्सरांचे बंड झाले. ते मोडायला आठ राष्ट्रांच्या फौजा गेल्या. इंग्रजांच्या बाजूने गेलेल्या फौजेत मोठा भरणा हिंदी शिपायांचा होता. त्या वेळी ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे अवघे चोवीस वर्षांचे होते. त्यांनी स्वखर्चाने एक इस्पितळ-जहाज दिले आणि स्वतः सेनापती गॅसेली यांच्या हाताखाली चीनला गेले. सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडच्या पाटलांचा वंशज आपल्या खर्चाचे इस्पितळ घेऊन पिवळ्या समुद्रात जातो, याचे मला तरी अप्रूप वाटते. पण ते जहाज होते मोहिमेच्या जखमींसाठी. ज्यांच्या देशात ती मोहीम चालली होती, त्यांच्यासाठी नव्हे.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले. त्या वेळी अनेक संस्थानांनी मिळून पुन्हा एक जहाज द्यायचे ठरवले. पुढाकार माधवराव शिंदे आणि भोपाळच्या बेगम यांचा. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची 'एम्प्रेस ऑफ इंडिया' ही जुनी प्रवासी बोट विकत घेतली, हिंदी शिपायांसाठी इस्पितळ म्हणून सजवली, आणि जानेवारी १९१५ मध्ये तिचे नाव ठेवले 'लॉयल्टी'. म्हणजे निष्ठा होती ती सम्राटाशी. खाटा, मलमपट्ट्या, औषधे जखमींसाठी. नाव मात्र सरकारसाठी.

अशा जहाजांची गरज किती होती, ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये दिसले. तिथली मोहीम सुरुवातीला हिंदुस्थान सरकारच चालवत होते. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळ टेसिफॉनची लढाई झाली. जखमींना नदीतल्या बोटींवर नि तराफ्यांवर भरून बसऱ्याकडे पाठवले. खाटा नाहीत, पुरेसे डॉक्टर नाहीत. बसऱ्याला 'वरेला' या इस्पितळ-जहाजावर मेजर कार्टर नावाचे डॉक्टर होते. येणाऱ्या एका बोटीच्या कडेला दोर लोंबत आहेत असे त्यांना लांबून वाटले. बोट जवळ आली तेव्हा कळले की तो मैला होता. हलता न येणारी माणसे कित्येक दिवस होती तिथेच पडून होती. कार्टर यांनी तक्रार केली, तर वरिष्ठांनी त्यांनाच अटकेची आणि जहाज काढून घेण्याची धमकी दिली. पुढे चौकशी झाली, १९१७ साली अहवाल निघाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पद सोडावे लागले. नियम हेगला कितीही चांगले लिहिले, तरी बसऱ्याच्या धक्क्यावर ते बोलून दाखवणारा एक हट्टी माणूस लागतो.

चीनच्या जखमींसाठी इथून माणसे गेली ती १९३८ मध्ये. जपानने चीनवर आक्रमण केले होते. काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. त्यांच्यापाशी जहाज नव्हते. ते साध्या प्रवासी बोटीने मुंबईहून गेले. कोटणीस परत आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच वारले.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे सारे सांगितले. युद्ध संपल्यावर वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदी मंडळींनी ही बोट घेतली, सिंदिया कंपनी काढली, आणि पहिल्या सफरीला वालचंद स्वतः बोटीवर होते, हेही सांगितले. मुलगी म्हणाली, "मग कंपनीने नाव का नाही बदललं?"

मी म्हटले, "तू राहतेस कुठे?"

"कॅम्प नंबर चार."

वर्ग हसला. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी ती. फौज गेली, सिंधमधून आलेली कुटुंबे तिथल्या बराकींत राहू लागली, १९४९ साली गावाला उल्हासनगर हे नाव मिळाले, तरी पत्ता सांगताना सगळे 'कॅम्प'च म्हणतात.

'लॉयल्टी' १९२३ साली मुंबईतच मोडीत निघाली. तोपर्यंत तिच्यावर नाव तेच होते.