अंबाझरीचे दोन हिशेब

भारतात कुठेही सिव्हिल इंजिनिअरिंग शिका, हायड्रॉलॉजीच्या पुस्तकात नागपूरची गाठ पडतेच. पडलेल्या पावसापैकी किती पाणी वाहून जाते, या प्रकरणात ‘बिनीची टक्केवारी’ नावाचा एक लहानसा तक्ता असतो. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर त्यातला १५ टक्के नाल्याला लागतो. ८०० झाला तर २९ टक्के, १००० झाला तर ३८ आणि ११०० झाला तर ४०. मुले तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. हे आकडे नागपूरजवळच्या सुमारे १६ चौरस किलोमीटरच्या पाणलोटात १८६९ ते १८७२ च्या दरम्यान मोजून काढलेले आहेत. ते काम शहराच्या पश्चिमेच्या अंबाझरी तलावाच्या पाणीपुरवठा योजनेच्या निमित्ताने झाले, हे फार थोड्या नागपूरकरांना ठाऊक असते.

अलेक्झांडर बिनी १८६८ साली सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू होऊन हिंदुस्थानात आला, तेव्हा त्याची तिशी उलटली नव्हती. नागपूर नुकतेच मध्य प्रांताची राजधानी झाले होते आणि वाढत्या वस्तीला नळाचे पाणी हवे होते. गावात चांद सुलतानाच्या वेळचा जुम्मा तलाव होता, म्हणजे आजचा गांधीसागर. विहिरीही होत्या. पण शहराला पुरेल असे पाणी पश्चिमेच्या उंचवट्याकडून, नाग नदीच्या उगमाकडूनच आणणे शक्य होते. अंबाझरीला मातीच्या बांधामागे पाणी साठवायचे आणि ते उताराने शहरात आणायचे, अशी योजना होती.

बिनीचे मोठेपण मला बांधापेक्षा त्याआधीच्या मोजणीत दिसते. किती पाऊस पडला, त्यातले किती पाणी जमिनीवरून वाहिले आणि साठलेल्यातले किती उन्हाने उडून गेले, या तिन्ही गोष्टी त्याने नागपुरात मोजल्या आणि लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे १८७४-७५ च्या अधिवेशनात मांडल्या. परदेशातला एखादा गुणांक उचलून इथे चिकटवला असता तरी त्या काळी कोणी हटकले नसते. त्याने इथली काळी माती, इथला मुरूम आणि इथला मे महिना विचारात घेतला. पुढे तो लंडन कौंटी कौन्सिलचा मुख्य इंजिनिअर झाला, बेंजामिन बेकरबरोबर १८९१ साली लंडनच्या मुख्य सांडपाणी व्यवस्थेवर अहवाल दिला, थेम्सखालचा ब्लॅकवॉल बोगदा बांधला. वार्षिक पावसाची भरवशाची सरासरी काढायची तर निदान ३५ वर्षांच्या नोंदी हव्यात, हेही त्यानेच आकड्यांनी दाखवले.

पण बिनीने अंबाझरीला विचारलेला प्रश्न एकच होता. पावसाळा संपल्यावर शहराच्या हाती किती पाणी उरेल? पाटबंधारे खात्याच्या भाषेत येवा किती? तो हिशेब वर्षाचा असतो. त्यात पाऊस जूनमध्ये पडला की सप्टेंबरमध्ये, चार तासांत पडला की चार दिवसांत, याने विशेष बिघडत नाही. तलाव काठोकाठ भरला की योजना यशस्वी झाली. नागपूरकरांच्या मनात तलावाविषयी जे प्रेम आहे, त्याची घडण याच हिशेबातली आहे. श्रावणात अंबाझरी ‘ओव्हरफ्लो’ झाला की शहराचा जीव भांड्यात पडतो, सांडव्यावर कुटुंबेच्या कुटुंबे जमतात, भुट्टे भाजले जातात.

मधल्या शंभर वर्षांत तलावाचे काम हळूहळू बदलले. १९१२ साली गोरेवाडा तलाव आला, पुढे कन्हान आणि पेंचचे पाणी आले. अंबाझरीवर पिण्यासाठी विसंबून राहण्याची गरज उरली नाही. १९३६ मध्ये नागपूर सुधार प्रन्यास स्थापन झाला आणि शहर आखीव ले-आऊटांनी पश्चिमेला सरकत गेले. बांधाच्या वर वाडी, दत्तवाडी आणि हिंगण्याची एमआयडीसी वाढली. बांधाच्या खाली, सांडव्याचे पाणी ज्या वाटेने नाग नदीत जाते त्या वाटेलगत, अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी उभ्या राहिल्या. ज्या शिवारात पाणी मुरत होते तिथे पत्रे, डांबर आणि काँक्रीट आले. पिण्याच्या पाण्याचा तलाव शहरावर कोसळणाऱ्या पावसाला अडवणारा तलाव होऊन बसला. ही नवी जबाबदारी मोठी होती आणि ती त्याच्यावर परिस्थितीने टाकली.

असा तलाव नव्याने बांधायचा असता, तर आधी डिझाइन रिपोर्ट लागला असता. मी असे अहवाल वाचत आलो आहे. त्यांचा साचा आता ठरलेला आहे. पाणलोट आखायचा, माती आणि जमिनीचा वापर पाहायचा, पाऊस ठरवायचा, त्यातून पूर काढायचा, तो पूर तलावातून पार करून दाखवायचा आणि शेवटी सांडवा, पाणी सोडायचा विमोचक, बांधाची उंची. केंद्र सरकारची पावसाळी पाण्याच्या निचऱ्यासाठीची स्वतंत्र नियमपुस्तिका २०१९ मध्ये निघाली, शहरी पुरावरची राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे २०१० ची. कागदाची आता वाण नाही.

सगळा फरक पडतो तो पाऊस निवडताना. येव्याच्या हिशेबात मिलिमीटर वर्षाचे असतात, पुराच्या हिशेबात ते तासाचे, कित्येकदा पंधरा मिनिटांचे लागतात. शंभर हेक्टरच्या पाणलोटावर तासाला ६० मिलिमीटरच्या गतीने पाऊस पडतो आहे असे धरा. जमीन शेताची असेल आणि तीस टक्के पाणी वाहत असेल, तर नाल्याला सेकंदाला ५ घनमीटर लागतात. तीच जमीन घरे-रस्त्यांनी झाकली जाऊन सत्तर टक्के वाहू लागली, की साडेअकराच्या वर. ढग तोच आणि क्षेत्रफळही तेच असते, नाल्याची रुंदी मात्र दुप्पटीहून जास्त हवी असते. शिवाय झाकलेल्या जमिनीवरून पाणी लवकर पोचते, म्हणून गणितात धरायची पावसाची गतीही वाढते. हा दुसरा घाव बऱ्याच अहवालांत सुटलेला असतो.

नुसत्या सूत्राने काम भागत नाही, हे अंबाझरीवरच करून पाहण्यासारखे आहे. डिकन्सचे १८६५ चे सूत्र आपल्याकडे अजून वापरात आहे: क्षेत्रफळाचा पाऊण घात, त्याला एका गुणांकाने गुणायचे. १६ चौरस किलोमीटरचा पाऊण घात नेमका ८ येतो. मध्य भारतासाठी गुणांक १४ ते २८ सांगितलेला आहे. म्हणजे पूर सेकंदाला ११२ घनमीटर किंवा २२४ घनमीटर! यातला कुठला घ्यायचा हे सूत्र सांगत नाही, ते पाणलोट पायाखाली घातलेल्या माणसालाच सांगावे लागते. बिनीसारखी मोजणी असेल तर तो ठामपणे सांगतो, नसेल तर तो बहुधा मधला आकडा धरून पुढे जातो.

काही वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या एका ले-आऊटसाठी आखलेल्या तलावाचा अहवाल माझ्याकडे वाचायला आला होता. गणित स्वच्छ होते. दर पंधरा मिनिटांची ओळ, त्यात आत येणारे पाणी, तलावाची पातळी, साठा आणि बाहेर जाणारे पाणी असे रकाने, आणि शेवटच्या रकान्यात पुराचा शेंडा निम्म्यावर आलेला. पण पहिल्या ओळीत पातळी तळाची होती. पाऊस सुरू होतो तेव्हा तलाव रिकामा आहे, असे धरलेले. पुढे नकाशांत त्याच तलावात पूर्ण संचय पातळीला निळा रंग भरलेला, कारंजे, होड्यांचा धक्का, काठाने फिरायची वाट. दोन्ही पाने एकाच फायलीत होती आणि दोघांची एकमेकांशी भेट झाली नव्हती. त्या पहिल्या ओळीत पूर्ण संचय पातळी घालून तक्ता पुन्हा चालवला, तेव्हा शेंडा जवळजवळ जसाच्या तसा बाहेर पडला.

पुरासाठी बांधलेल्या तलावाचे मोल त्यातल्या मोकळ्या जागेत असते. भरलेला तलावही थोडेफार सांभाळून घेतो, कारण सांडव्याच्या माथ्यावर पाणी चढते तेवढा जादा साठा होतो. पण ती मदत तलावाच्या पसाऱ्यावर आणि सांडव्याखालची वाट किती मोकळी आहे यावर अवलंबून असते.

२३ सप्टेंबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर हा दुसरा हिशेब नागपूरला घरात घुसून समजला. पहाटेपर्यंत विमानतळाच्या वेधशाळेत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला आणि त्यातला बराचसा काही तासांतच पडला. १४ जुलै १९९४ रोजी २४ तासांत ३०४ मिलिमीटर पाऊस पाहिलेल्या शहराला शंभर हा आकडा अनपेक्षित म्हणता येणार नाही. अनपेक्षित होती ती त्याची घाई. १६ चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर म्हणजे १६ लाख घनमीटर पाणी. सप्टेंबरच्या अखेरीस काळी माती पिऊन तृप्त असते, ती फारसे घेत नाही. तलाव आधीच भरलेला होता आणि त्याच्या सांडव्याला दरवाजे नव्हते. अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, वर्मा ले-आऊट, शंकरनगरपासून सीताबर्डीच्या मोरभवन बसस्थानकापर्यंत पाणी शिरले. पंचशील चौकातला पूल खचला. माणसे झोपेत होती. काहींचे प्राण गेले, हजारो घरांतले संसार भिजले, लष्कराला बोटी घेऊन उतरावे लागले. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना अंधारात पाण्याची पातळी पलंगाला लागल्यावर जाग आली असेल, या विचाराने अजून अस्वस्थ व्हायला होते.

त्यानंतर चर्चा सांडव्यापाशी आली, आणि ती तिथेच यायला हवी होती. सांडव्याचे गणित सोपे आहे. ३० मीटर लांबीचा एखादा रुंद माथ्याचा सांडवा घ्या. त्यावर अर्धा मीटर पाणी चढले तर सेकंदाला १८ घनमीटर जातात, एक मीटर चढले तर ५१. उंची दुप्पट झाली की विसर्ग पावणेतीन पटींच्या वर जातो. म्हणून मातीच्या बांधाचा जीव सांडव्यात असतो. पाणी माथ्यावरून जायला लागले तर माती टिकत नाही. मात्र हे सूत्र पाणी पलीकडे मोकळे पडते आहे असे धरून चालते. खालचा नाला अरुंद असला, त्यात खांब, भिंत, स्लॅब किंवा चौथरा आला, की पाणी तिथे तुंबते, मागे फुगते आणि सांडवाच बुडतो. कागदावरचे ५१ मग मिळत नाहीत. अंबाझरीच्या सांडव्यालगतचे स्वामी विवेकानंदांचे स्मारक पाण्याच्या वाटेत येते का, नदीवर टाकलेले स्लॅब आणि अरुंद पूल किती आडवे आले, हे सगळे रहिवाशांच्या याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले आणि विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली उच्चस्तरीय समिती नेमली गेली. घरातला चिखल काढून झाल्यावर ज्या रहिवाशांनी नकाशे, पातळ्या आणि परवानग्या मागायला सुरुवात केली, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. जे प्रश्न अहवाल लिहिणाऱ्याने विचारायचे, ते त्यांना वकिलामार्फत विचारावे लागले.

म्हणून आता नागपुरात तलावाचा कुठलाही अहवाल समोर आला तर मी तो मागून वाचतो. आधी सांडव्याखालचा नाला: त्याचे छेद कुठपर्यंत घेतले आहेत, शेवटच्या घराच्या जोत्याची पातळी त्यात आहे का, २५ वर्षांची निळी आणि १०० वर्षांची लाल पूररेषा तलावाचा विसर्ग धरून आखली आहे का. मग सांडवा. मग तक्त्याची पहिली ओळ. पाणलोटाचे प्रकरण शेवटी. हल्ली अहवाल तलावाच्या हद्दीच्या भिंतीपाशी थांबतो, कारण कंत्राट तिथे थांबते. पाणी मात्र पुढे डागा ले-आऊटमध्ये जाते.

आणि एक प्रकरण बहुतेक अहवालांत अर्ध्या पानाचे असते, ते सर्वांत लांब हवे. मोठ्या धरणांना परिचालन सूची असते. कोणत्या तारखेला साठा किती ठेवायचा, हे तिथे पंधरवड्यागणिक लिहिलेले असते. शहरातल्या तलावांनाही ती हवी. नागपुरात पाऊस जूनच्या मध्याला येतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत परततो. तोवर अंबाझरीची पातळी सांडव्याच्या माथ्यापासून किती खाली राहील, विमोचक कोण उघडेल, हवामान खात्याचा इशारा रात्री अकराला आला तर कुणाच्या सहीने उघडेल, आणि त्या वेळी खालच्या वस्तीला कोण सांगेल, हे नावा-हुद्द्यानिशी लिहिलेले असले पाहिजे. श्रावणात तलाव दोन-अडीच फूट उणा दिसेल. लोक विचारतील, यंदा अंबाझरी भरला नाही का? महापालिकेने त्याचे उत्तर पावसाळ्याआधीच, सांडव्याजवळ मोठ्या अक्षरांत लावून ठेवावे.