हिवाळ्यातली मोजदाद

8 डिसेंबर 2024, रविवारची संध्याकाळ. बेसबॉलच्या हिवाळी बैठकीसाठी डॅलसच्या एका अवाढव्य हॉटेलात क्लबांचे अधिकारी, एजंट, नोकरीच्या शोधातले प्रशिक्षक आणि फोनवरून नजर न हटवणारे पत्रकार जमले होते. त्या एका संध्याकाळी दोन बातम्या आल्या. आधीची अशी, की 16 जणांच्या समितीने डिक ॲलन आणि डेव्ह पार्कर या जुन्या खेळाडूंना हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. रात्री दुसरी आली: 26 वर्षांचा हुआन सोटो न्यूयॉर्क मेट्सकडे चालला होता. करार 15 वर्षांचा, रक्कम 76 कोटी 50 लाख डॉलर, म्हणजे साधारण साडेसहा हजार कोटी रुपये. यँकीजनी 16 वर्षांचे 76 कोटी देऊ केल्याचं वृत्त होतं. शिवाय सामने बघायला घरच्यांसाठी स्टेडियममधली खास खोली मेट्सनी मान्य केली आणि यँकीजनी नाही, असंही छापून आलं.

ॲलनला जाऊन आदल्याच दिवशी चार वर्षं झाली होती. 2014मध्ये त्याला 16पैकी 11 मतं पडली होती, लागत होती 12. पुढची बैठक 2020च्या डिसेंबरात व्हायची, ती कोविडमुळे पुढे गेली आणि त्याच महिन्यात तो वारला. 2021मध्ये मतदान झालं. पुन्हा 11.

बेसबॉलचा शेवटचा सामना नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपतो आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कुणी चेंडू टाकत नाही. या रिकाम्या महिन्यांत दोन प्रकारचं मोजमाप चालतं. क्लब माणसाच्या पुढच्या दहा-पंधरा वर्षांची किंमत ठरवतात, पत्रकार मागच्या पंधरा-वीस वर्षांची. आकडे बरेचसे तेच असतात. फरक एवढाच, की पैशाच्या बाजूला निदान डॉक्टर तरी बसवलेला असतो.

तो डॉक्टर किती महागात पडतो ते कार्लोस कोरेयाला विचारावं. आयपीएलच्या लिलावात हातोडा पडला की खेळाडू त्या संघाचा झाला. बेसबॉलमध्ये लिलाव नाही, हातोडा नाही. बोलणी पक्की झाल्याची बातमी आली तरी शारीरिक तपासणी होईपर्यंत कागदावर काही नसतं. डिसेंबर 2022मध्ये कोरेयाने सॅन फ्रान्सिस्को जायंट्सशी 13 वर्षांसाठी 35 कोटी डॉलर ठरवले. पत्रकार परिषद काही तासांवर आलेली असताना ती रद्द झाली. 2014मध्ये मायनर लीगमध्ये पाय मोडला होता, शस्त्रक्रिया करून पट्टी बसवली होती आणि तपासणीत नेमकं तेच जुनं दुखणं जायंट्सच्या डॉक्टरांना खटकलं. त्याच रात्री मेट्सनी 12 वर्षांसाठी साडेएकतीस कोटी देऊ केले. मेट्सच्या डॉक्टरांनाही तोच पाय खटकला. शेवटी जानेवारीत मिनेसोटा ट्विन्सनी सही केली, ती सहा वर्षं आणि 20 कोटींवर. तीन आठवड्यांत एका पायाने पंधरा कोटी डॉलर खाल्ले.

ही सगळी उलाढाल मुळात शक्य झाली ती एका लवादाच्या निकालामुळे. पूर्वी कराराची मुदत संपली तरी क्लब त्याचं एकतर्फी नूतनीकरण करत राही आणि खेळाडू जन्मभर बांधला जाई. कर्ट फ्लडने आपल्या बदलीविरुद्ध कोर्टात धाव घेतली आणि 1972मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात हरला. खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर यांनी मग वाट बदलली. 23 डिसेंबर 1975 रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅक्नली यांच्या बाजूने निकाल दिला. आज मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा भरली की खेळाडू करार संपल्यावर मोकळा होतो.

मिलर यांना मात्र हॉल ऑफ फेमच्या समित्यांनी इतक्यांदा नाकारलं, की 2008मध्ये त्यांनी वैतागून आपलं नाव विचारातच घेऊ नका असं कळवलं. 2012मध्ये ते गेले. डिसेंबर 2019मध्ये सॅन डिएगोच्या हिवाळी बैठकीत ते निवडून आले, 16पैकी नेमक्या 12 मतांनी. त्याच आठवड्यात एजंट स्कॉट बोरास याने स्टीफन स्ट्रासबर्ग, गेरिट कोल आणि अँथनी रेंडॉन या आपल्या तीन खेळाडूंसाठी मिळून 81 कोटी 40 लाख डॉलरचे करार जमवले. त्यांतल्या स्ट्रासबर्गला साडेचोवीस कोटी मिळाले आणि त्यानंतर दुखापतींमुळे तो फक्त आठ सामने खेळू शकला. फ्लड अजूनही हॉलच्या बाहेर आहे.

समित्यांकडे येतात ते बहुधा उरलेसुरले. मुख्य रस्ता पत्रकारांच्या मतपत्रिकेतून जातो. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या छोट्या गावातलं हॉल ऑफ फेमचं संग्रहालय 1939मध्ये उघडलं, पण मतदान त्याच्या तीन वर्षं आधीच सुरू झालं होतं. बेसबॉल रायटर्स असोसिएशनचं दहा वर्षांचं सदस्यत्व असलेल्याला नोव्हेंबरमध्ये पत्रिका येते, अजूनही कागदाची आणि टपालाने. नावापुढच्या चौकोनात खूण करायची, जास्तीत जास्त दहा. खाली सही करायची आणि 31 डिसेंबरच्या आत पाकीट टपालात टाकायचं. खेळाडू दहा हंगाम खेळलेला आणि पाच वर्षं निवृत्त असावा लागतो. 75 टक्के मिळाले तर तो आत, 5 टक्क्यांच्या खाली गेला तर पत्रिकेतून कायमचा बाहेर. मधल्यांना दहा वर्षांची मुदत असते. 2014पर्यंत ती पंधरा होती.

या पत्रिकेचं गणित मासलेवाईक आहे. पाकीट पाठवलंच नाही तर ते मत मोजलं जात नाही. कोरी पत्रिका पाठवली तर ती एकूण संख्येत धरतात, म्हणजे प्रत्येक उमेदवाराविरुद्ध एक मत पडतं. 2021मध्ये 401पैकी 14 पत्रिका कोऱ्या आल्या आणि कुणीच निवडून आलं नाही. सर्वांत जवळ पोचलेल्या कर्ट शिलिंगला 16 मतं कमी पडली. कोऱ्या पत्रिका वजा केल्या असत्या तरी सहा कमीच पडली असती, तेव्हा त्याला फार हळहळण्याचं कारण नाही. तशीही त्या वर्षी त्याच्या फलंदाजांना बाद करण्याच्या कौशल्यापेक्षा त्याच्या तोंडाळपणाचीच चर्चा अधिक होती.

खरी गंमत स्कॉट रोलेनच्या आकड्यांत आहे. तिसऱ्या बेसवर उत्तम क्षेत्ररक्षण करणारा हा खेळाडू, आठ गोल्ड ग्लोव्ह मिळवलेला. 2018मध्ये पहिल्यांदा पत्रिकेवर आला तेव्हा त्याला 10.2 टक्के मतं पडली. मग 17.2, 35.3, 52.9, 63.2 आणि 2023मध्ये 76.3. लागत होती त्याहून पाच मतं जास्त. रोलेन शेवटचा सामना 2012मध्ये खेळला. म्हणजे या सहा वर्षांत त्याने एकही चेंडू अडवलेला नाही. बदलला तो रोलेन नव्हे.

बदललं काय? एक तर मतदार. क्रीडा-वार्तांकन सोडून दहा वर्षांहून जास्त काळ लोटलेल्या सदस्यांचा हक्क हॉलने काढून घेतला आणि 2015च्या 549 पत्रिका पुढच्या वर्षी 440वर आल्या. दुसरी गोष्ट मापाची. सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूच्या तुलनेत या माणसाने संघाला किती विजय जास्त मिळवून दिले हे सांगणारा ‘वॉर’ नावाचा आकडा रूढ झाला आणि त्यात हातमोज्यालाही बॅटबरोबर किंमत मिळाली. जे जॅफी या लेखकाने एकूण कारकीर्द आणि सर्वोत्तम सात हंगाम यांची सरासरी काढून त्या-त्या जागेवरच्या हॉलवाल्यांशी तुलना करायची पद्धत बसवली. तिसरं म्हणजे गर्दी ओसरली. 2013 ते 2018 या काळात पत्रिकेवर दहाहून अधिक लायक नावं असायची, त्यामुळे पटलेला माणूसही अकरावा ठरून राहून जायचा.

त्या गर्दीत चिरडला गेला केनी लॉफ्टन. 622 चोरलेले बेस, 2,428 हिट. 2013मध्ये बॅरी बॉन्ड्स, रॉजर क्लेमन्स, सॅमी सोसा, माइक पियाझा आणि क्रेग बिजियो यांच्याबरोबर त्याची पहिली पाळी आली. त्याला 569पैकी 18 मतं पडली, 3.2 टक्के, आणि विषय संपला. रोलेनसारखी चढण चढायला त्याला दुसरं वर्षच मिळालं नाही. पाच टक्क्यांचा नियम इतका आंधळा असावा का, यावर हॉल गप्प आहे.

निकालाआधीचा जानेवारी रायन थिबोदो आणि त्याच्या साथीदारांचा. पत्रकार आपापली पत्रिका जाहीर करतात तसतशी ही मंडळी ती एका तक्त्यात चढवतात: कुणी कुणाला नव्याने मत दिलं, कुणी काढून घेतलं, सगळं नावानिशी. सर्व पत्रिका सक्तीने जाहीर कराव्यात असा ठराव पत्रकारांच्या संघटनेने 2016मध्ये केला होता, हॉलच्या मंडळाने तो फेटाळला. त्यामुळे झाकली मूठ बरीच राहते आणि झाकलेल्या मुठी सहसा कंजूष निघतात. 2020मध्ये लॅरी वॉकर जाहीर पत्रिकांवर 83 टक्क्यांवर होता. ते त्याचं दहावं, शेवटचं वर्ष. आपण थोडक्यात हुकणार असं त्याने निकालाच्या दिवशी स्वतःच लिहून टाकलं. शेवटी 76.6 टक्के झाले, गरजेपेक्षा सहा मतं जास्त. निवडीचा फोन आला तेव्हा हा गडी स्पंजबॉबच्या चित्रांचा शर्ट घालून बसला होता आणि तशाच वेशात तो टीव्हीवर दिसला.

मताची पवित्रता पत्रकार फार जपतात. डॅन ले बाटार्डने 2014ची पत्रिका डेडस्पिन या संकेतस्थळाच्या वाचकांच्या कौलाने भरली, पैसे न घेता. संघटनेने त्याचा मताधिकार कायमचा काढून घेतला. वाचकांनी निवडलेली नावं मात्र अगदी शहाणपणाची होती.

नियमांत खेळाबरोबर सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्यही तोलायला सांगितलं आहे. हा तराजू मात्र दर वर्षी वेगळा झुकतो. 762 होम रन मारलेला बॉन्ड्स उत्तेजकांच्या संशयापायी दहाव्या वर्षी 66 टक्क्यांवर थांबला. कार्लोस बेल्ट्रान 2017च्या ह्यूस्टन ॲस्ट्रोजच्या खुणा चोरण्याच्या प्रकरणात सापडला, त्यापायी मेट्सचं व्यवस्थापकपद एकही सामना न होता गेलं आणि 2023मध्ये 46.5 टक्क्यांवर त्याची सुरुवात झाली. जानेवारी 2026मध्ये तो 84.2 टक्क्यांनी आत गेला. खुणा चोरल्याचा डाग चार हिवाळ्यांत फिका पडला. बॉन्ड्स आणि क्लेमन्स यांना डिसेंबर 2025च्या समितीत प्रत्येकी पाचही मतं मिळाली नाहीत. नव्या नियमानुसार पाचपेक्षा कमी पडले की पुढची फेरी चुकते, म्हणजे आता 2031. तेव्हाही तसंच झालं तर नाव कायमचं बाद.

2027च्या निवडणुकीची पत्रिका बस्टर पोझीसाठी पहिली असेल. यष्टिरक्षकासारखी बेसमागची जागा सांभाळणारा, तीन वेळा विश्वविजेता. पण जेमतेम बारा हंगाम आणि नेमके 1,500 हिट. एकूण कारकीर्द मोजणारे नाक मुरडणार, भरातली वर्षं मोजणारे खूण करणार. पोझी सध्या जायंट्सच्या बेसबॉल विभागाचा अध्यक्ष आहे. विली अडामेसला सात वर्षांसाठी 18 कोटी 20 लाख डॉलर द्यायचे हा त्याचा पहिला मोठा निर्णय. या हिवाळ्यात इतरांचे पाय तपासायचे, त्यांची पुढची वर्षं मोजायची आणि त्याच वेळी आपली मागची वर्षं चारशे पत्रकार मोजताहेत ते बघायचं, असं दुहेरी काम त्याला आहे.