संगणक आणि डोळे : पापणी मिटायला विसरू नका!

मिहानमधील कंपनी असो, बँकेचा काउंटर असो की सीताबर्डीवरील दुकानाचे बिलिंग. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्यांची एक तक्रार ठरलेलीच. संध्याकाळी डोळे चुरचुरतात, कपाळ दुखते, अक्षरे अंधूक दिसतात. संगणकाने दृष्टी जाईल, ही भीती मात्र निराधार आहे. हा ताण तात्पुरता असतो. खरा धोका असतो तो मनानेच केलेल्या उपचारांत.

असे का होते?

एरवी आपण मिनिटाला सुमारे 15 वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे एकटक पाहताना हे प्रमाण निम्म्यावर येते. पापणी अश्रूंचा पातळ थर डोळ्यावर पसरवते. ती मिटली नाही की डोळा कोरडा पडतो. त्यात आपला नागपूरचा उन्हाळा! मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, हवा कोरडी असते आणि कूलरचा झोत नेमका तोंडावर. शिवाय सतत जवळचे पाहून डोळ्यांतील स्नायूही थकतात.

काय काळजी घ्याल?

1. दर 20 मिनिटांनी 20 फुटांपलीकडील वस्तूकडे 20 सेकंद पाहावे. आठवणीने पापण्या पूर्ण मिटाव्यात.
2. पडदा 20 ते 28 इंचांवर आणि नजरेपेक्षा थोडा खाली ठेवावा.
3. खिडकीचा किंवा दिव्याचा उजेड पडद्यावर चमकू देऊ नये.
4. कूलर, पंखा वा एसीची हवा थेट डोळ्यांवर घेऊ नये.
5. चाळिशीचा चष्मा पुस्तकाच्या अंतराचा असतो. संगणकासाठी वेगळा नंबर लागू शकतो, तपासून घ्यावा.

निळा प्रकाश अडवणाऱ्या महागड्या चष्म्यांचा मोह टाळावा. 2023 मधील कॉक्रेन आढाव्यात त्यांनी ताण कमी होत असल्याचे आढळले नाही.

हे मुळीच करू नका

औषधाच्या दुकानातून परस्पर थेंब आणून घालू नका. लालपणा झटपट घालवणाऱ्या काही थेंबांत स्टेरॉइड असते. ते दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. डोळा चुरचुरला म्हणून केलेला उपाय असा डोळ्यावरच उलटतो.

डोळा दुखत असेल, लाली कायम असेल, एकाएकी कमी दिसू लागले किंवा विजेसारखे चमकले, तर वेळ न दवडता नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. मेडिकल आणि मेयो, दोन्हीकडे नेत्रविभाग आहेत.