रात्री नाशिकला पोहोचलात? अंडा भुर्जीच्या गाडीवर ऑर्डर देण्याआधी ‘या’ गोष्टी नक्की पाहा

मुंबईहून निघालेली एसटी कसारा घाटातल्या कोंडीत अडकते आणि नाशिक गाठेपर्यंत रात्रीचे साडेदहा वाजतात. मिसळ हे शहराचे सकाळचे खाणे. ती वेळ कधीच टळलेली असते. खानावळीचे शटर अर्धे खाली आलेले असते. अशा वेळी रस्त्याच्या कडेला तव्यावर कालथा आपटल्याचा टकटक आवाज येतो. ती भुर्जीची गाडी!

नव्या शहरात आलेल्या प्रवाशाला प्रश्न पडतो, इथे खावे की उपाशी झोपावे? काय पाहिले तर हे खाणे बिनधास्त खाता येईल, ते समजून घेऊया.

भुर्जीत नाशिकचे काय?

जवळजवळ सगळेच. भुर्जीत अंड्याइतकाच कांदा लागतो आणि लासलगावची कांद्याची बाजारपेठ याच जिल्ह्यात आहे. टोमॅटोसाठी पिंपळगाव बसवंतचे नाव घेतले जाते. पाव मात्र लांबून आला. हा शब्द आणि हा पदार्थ आपल्याला पोर्तुगिजांकडून मिळाला.

अंड्यांचे गणित वेगळे आहे. १९८२ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती रोज शहरानुसार शंभर अंड्यांचा दर सुचवते. थंडीत मागणी वाढली की दर चढतो, श्रावणात उतरतो. गाडीवाला मात्र प्लेटचा भाव रोज बदलू शकत नाही. दर चढला की फटका त्याच्या नफ्याला बसतो.

काय मागवाल?

भुर्जी-पाव, मसाला ऑम्लेट, हाफ फ्राय आणि उकडलेले अंडे हे बहुतेक गाड्यांवरचे नेहमीचे पदार्थ. ‘डबल’ म्हणजे दोन अंड्यांचे. ‘तिखट कमी’ किंवा ‘ऑम्लेट कडक’ असे आधीच सांगितले की तसे मिळते. साधारण ५० ग्रॅमच्या एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे डबल भुर्जीतून १२ ग्रॅम प्रथिने आणि पावामुळे भरलेले पोट, असा हिशेब.

हीच कल्पना गावोगावी वेगळ्या रूपात भेटते. पारशी घरांतली ‘अकुरी’ मऊ, ओलसर ठेवतात. सुरतेच्या गाड्यांवर उकडलेले अंडे किसून ‘घोटाळा’ करतात. कोलकात्यात पराठ्यावर अंडे पसरून रोल बनतो. त्यामुळे भुर्जी ओळखीची असलेला प्रवासी देशात कुठेही फारसा अडत नाही.

चारपैकी सुरक्षित कोणते?

कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा जिवाणू असू शकतो. त्यातून जुलाब, उलट्या, ताप असा त्रास होतो. अन्नाच्या आतल्या भागाचे तापमान ७० अंश सेल्सिअसच्या वर गेले की असे जिवाणू मरतात. तवा त्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो. पण ती उष्णता अंड्याच्या आतपर्यंत पोहोचते का, हा खरा मुद्दा आहे.

भुर्जीत अंडे मोडून, पसरून, सतत हलवले जाते. प्रत्येक कण तव्याला लागतो. कडक ऑम्लेट पातळ असते आणि उलटले जाते. हाफ फ्रायमध्ये मात्र वरचे पिवळे पातळच राहते, कारण तिथे उष्णता पुरेशी पोहोचत नाही. म्हणून गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि वृद्धांनी हाफ फ्राय टाळलेला बरा. उकडलेले अंडे पूर्ण शिजलेले आणि सोलल्याबरोबर खाल्लेले चांगले. सोलून तासन्‌तास उघडे ठेवलेले नको.

गाडीवर उभे राहून काय पाहाल?

• अंडे तुमच्यासमोर फुटते का? आधीच फोडून भांड्यात ठेवलेले मिश्रण टाळा. ट्रेमध्ये तडा गेलेली अंडी दिसली तर ‘दुसरे घ्या’ असे सांगायला संकोच नको.

• कांदा कधी चिरला? भुर्जीतला कांदा शिजतो, पण प्लेटच्या कडेला येणारा कांदा-कोथिंबीर कच्चीच असते. भुर्जी निर्दोष असूनही पोट बिघडते ते अनेकदा इथेच.

• पाणी कुठले? प्लेट एकाच बादलीत बुचकळून दिली जात असेल तर कागदी प्लेट मागा. पिण्याचे पाणी स्वतःचे ठेवा.

• नोंदणी आहे का? अन्नसुरक्षा कायद्यानुसार फेरीवाल्या खाद्यविक्रेत्यालाही नोंदणी लागते. त्याचा १४ अंकी क्रमांक गाडीवर दिसला तर चांगली खूण.

• गर्दी आहे का? जिथे गिऱ्हाईक सतत येते, तिथे माल पडून राहत नाही.

शाकाहारी प्रवाशांनी आणखी एक गोष्ट विचारावी. पावभाजी आणि ऑम्लेट एकाच गाडीवर मिळत असेल तर तवा वेगळा आहे का?

बंद स्वयंपाकघरात यातले काहीच दिसत नाही. गाडीवर अंडे फोडण्यापासून प्लेट हातात येईपर्यंत सगळे डोळ्यांसमोर घडते. भुर्जीवर भरवसा ठेवता येतो तो यामुळेच.

सिंहस्थात या गाड्यांचे काय?

३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहणाने सिंहस्थ कुंभमेळा सुरू होणार आहे. पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला, दुसरे ३१ ऑगस्टला. कॅलेंडर पाहिले तर पहिला दिवस आषाढी अमावास्येचा. एरवी श्रावण लागण्याआधी सामिष खाण्याची ती शेवटची संधी, म्हणजे अंडेवाल्यांसाठी धंद्याचा दिवस. नेमकी त्याच दिवशी शहरात भाविकांची गर्दी असेल. दोन स्नानांच्या मध्ये पूर्ण श्रावण येतो. म्हणजे गर्दी सर्वांत मोठी आणि अंड्याचे गिऱ्हाईक सर्वांत कमी, असा विचित्र योग गाडीवाल्यांपुढे आहे.

त्यातच गर्दीच्या नियोजनात रस्ते मोकळे करण्याची वेळ आली की पहिली नजर हातगाडीवर जाते. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्यानुसार सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही. जागा ठरवण्यात सल्ला देणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. त्यामुळे ज्याच्याकडे प्रमाणपत्र आणि नोंदणी दोन्ही आहे, त्याला आपली बाजू मांडताना आधार मिळतो.

नोंदणीचा तो क्रमांक ग्राहकालाही उपयोगी आणि विक्रेत्यालाही. पुढच्या वेळी रात्री उशिरा नाशिकला उतरलात आणि कालथ्याचा आवाज आला, तर आधी अंड्याचा ट्रे पाहा, पाण्याची बादली पाहा. मग डबल भुर्जी सांगा आणि पाव तव्यावर गरम करून मागा.